ताईची ओळ

३ एप्रिल, रविवार

ताई,

वर मायना काय लिहावा यात दोन कागद फुकट गेले. ‘तीर्थरूप’ लिहिलं तर तू हसशील, ‘प्रिय’ लिहिलं तर फाडशील. म्हणून नुसतं ताई. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. फोन कापता येतो. पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

दर रविवारी तुझा आईला फोन आला की मी बाहेर जिन्यावर जाऊन बसतो. आईनं सांगितलेलं नाही, माझं मीच.

काम असं आहे की येत्या अठ्ठावीस तारखेला माझी संगीत नाटकाची सहाव्या श्रेणीची परीक्षा आहे. या वेळी जोडीची नाही, एकट्याची. तीन गाणी, मधले संवाद, चालणं, वळणं, सगळं मिळून एक सलग प्रयोग. दहा मिनिटांच्या आत संपला तर गुण कापतात. बारा मिनिटं झाली की परीक्षक हात वर करून थांबवतात आणि राहिलेलं धरत नाहीत. उत्तीर्ण व्हायला साठ गुण.

ही श्रेणी मिळाली तर नाटक कंपनीच्या वर्षभराच्या प्रशिक्षणाला अर्ज करता येतो. राहायला खोली देतात. बारावी पास लागते, नाहीतर सहावी श्रेणी. माझी शाळा आठवीत सुटली हे तुला सांगायला नको. वयाची अट चोविसाच्या आत, आणि जूनमध्ये मी चोवीस पूर्ण करतो. म्हणजे हीच खेप. यानंतर मी जन्मभर लाँड्रीत शर्टांच्या कॉलरी सपाट करणार.

क्लासच्या बाईंनी मधलं गाणं ‘दार उघडं होतं’ हेच धरलं आहे. एकट्यानं गायचं तर त्यात बहिणीचंच गाणं असतं. वडील घरातून निघून हरवलेत आणि ती भावाला विचारते की दार कुणी उघडं ठेवलं. म्हणजे तुझी ओळ आता माझ्याकडे आली. तुझ्या वहीत त्या पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, श्वास कुठे घ्यायचा त्याच्या. ती वही पाठवशील का? नकलून लगेच परत करीन.

मागच्या परीक्षेत तू तिथे विसरलीस आणि मला सावरून घ्यावं लागलं, त्याचा राग अजून असेल तर तो वेगळा ठेव. वही वेगळी.

तुझा धाकटा


९ एप्रिल, शनिवार

ताई,

वही आली नाही. टपालाला वेळ लागतो हे मी धरून चाललो आहे.

काल बाईंनी पहिल्यांदा घड्याळ लावून सगळा प्रयोग घेतला. नऊ मिनिटं वीस सेकंद. परत घेतला. नऊ मिनिटं पाच. बाई म्हणाल्या, “मागे कुत्रं लागलंय का तुझ्या?”

चूक कुठे आहे ते सगळ्यांना दिसतं. दाराच्या गाण्यात बहीण विचारते, ‘दार कुणी उघडलं?’ मग साथ थांबते. मग शांतता. मग, ‘सांग, मी ऐकते आहे.’ ती शांतता किती लांब ते छापलेलं नसतं. गाणारा मान हलवतो तेव्हा पियानोवाले काका पुढचा सूर देतात. सहाव्या श्रेणीत म्हणूनच तयार ध्वनिमुद्रण चालत नाही. मी दीड सेकंदात मान हलवतो. काका म्हणाले, “अरे, माझे हात अजून मांडीवर पोचलेले नसतात.”

लाँड्रीत मी कामाबरोबर घोकतो आणि तिथेच घोळ झाला असणार. शर्टाचा क्रम ठरलेला असतो. कॉलर, खांदा, मनगटं, बाह्या, मग अंग. मला एक शर्ट दोन मिनिटांत उरकावा लागतो आणि गाणीही दोन-दोन मिनिटांचीच आहेत, त्यामुळे दोन्ही एकाच चालीवर बसली. बाही वळली की कडवं वळतं. शर्टात थांबायला जागाच नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर मामा असतात, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी विचारलं, “ही परीक्षा गाण्याची की गप्प बसण्याची?”

“दोन्हीची,” मी म्हणालो.

“मग गप्प बसायला मला पाठव. लग्नाला तीस वर्षं झाली. त्या विषयात माझी डॉक्टरकी झाली आहे.”

हसू आलं, पण ते टिकलं नाही. उद्या रविवार.

वही नसली तरी निदान एवढं कळव, तू तिथे किती मात्रा मोजायचीस? आकडा लिहिलास तरी पुरे. एका पोस्टकार्डावर एक आकडा.

तुझा धाकटा


१४ एप्रिल, गुरुवार

ताई,

मी आता मोजून थांबतो आहे. चार मात्रा, सहा मात्रा, आठ. बाई म्हणतात, “तू थांबत नाहीस, मोजतोस. ओठ हलतात तुझे. बस यायची वाट बघणाऱ्या माणसासारखा दिसतोस.” आठ मात्रांनी वेळ नऊ मिनिटं पस्तीस झाली. तरी कमीच.

आज आणखी एक झालं. लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

बाई म्हणाल्या, “तुझ्या बहिणीला ही जागा जमायची. क्लासमध्ये ती थांबली की खालच्या सायकलच्या दुकानातली ठोकाठोकसुद्धा ऐकू यायची. मी तिला म्हटलं होतं, परीक्षेत याहून जास्त थांब, भिऊ नकोस. आणि बिचारी नेमकी तिथेच विसरली.”

परीक्षेच्या खोलीत शिक्षकांना सोडत नाहीत. त्यामुळे आत काय झालं ते बाईंना मी सांगितलं तेवढंच माहीत आहे. पियानोवाले काका तेव्हा नव्हते, परीक्षा मंडळाचा वादक होता.

मी त्यांच्यापुढे उभा होतो आणि म्हणालो, “हो ना.”

तू विसरली नसशीलही. मी असं म्हणत नाही की विसरली नव्हतीसच. तीन वर्षं झाली, मलाही सगळं नीट आठवत नाही. मी एवढंच म्हणतो की बाईंनी तुला जास्त थांब म्हणून सांगितलं होतं, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं.

तुझा धाकटा


१९ एप्रिल, मंगळवार

ताई,

मला लाँड्रीतून महिनाअखेरपर्यंत घरी बसवलं आहे. आईला हे माहीत नाही. तू रविवारी तिला बोलू नकोस. मी रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि क्लासच्या जिन्यात बसतो.

झालं असं. बाई म्हणाल्या होत्या की थांबायची सवय अंगात मुरायला हवी, नुसती गाण्यात नाही. म्हणून मी ठरवलं की कामातच थांबून बघायचं. ‘दार कुणी उघडलं?’ म्हणालो आणि थांबलो. मोजलं नाही. खरंच मोजलं नाही, आणि मला वाटलं जमलं. मामांनी हाक मारली तेव्हा इस्त्री हॉटेलच्या शर्टावर होती. उचलली तर पाठीवर तपकिरी होडी उमटलेली.

मालक काही ओरडले नाहीत. शर्ट उजेडाकडे धरून आरपार बघत म्हणाले, “कलाकार आहेस ना तू? मग महिना संपेपर्यंत कर कला.”

मामा दारापर्यंत आले. म्हणाले, “थांबलास कधी नव्हे ते, आणि कुठे थांबलास बघ.”

त्या दिवशी क्लासला जाऊन तीच शांतता परत करायला गेलो, तर पुन्हा दीड सेकंद. समोर माणूस नसला की मला वाटतं सगळे माझ्याकडे बघून म्हणताहेत, याला येत नाही. मग कुणी म्हणायच्या आधी मीच पुढचं बोलून टाकतो. आई म्हणते तसंच, “तुझं आपलं नेहमी पुढं पुढं. मी शिंकायच्या आत तू ‘सत्य आहे’ म्हणतोस.”

नऊ दिवस राहिले. हाताच्या तळव्यांना सारखा घाम असतो. डबा कुत्र्याला घालतो. ताई, मला या लाँड्रीत म्हातारं व्हायचं नाही. आता तर लाँड्रीही राहिली नाही.

तू काही तरी लिही. शिवी लिही.

तुझा धाकटा


२४ एप्रिल, रविवार

ताई,

आज तुझा फोन आला तेव्हा मी जिन्यावर गेलो नाही. दाराच्या आड उभा राहिलो. आईचा फोन स्पीकरवर असतो. तू आईला म्हणालीस, “त्याची पत्रं येतात. तो काय लिहितो ते त्याला तरी कळतं का?”

कळतं. आता सरळ लिहितो.

तू विसरली नव्हतीस. तू विचारलंस, ‘दार कुणी उघडलं?’ आणि तू थांबलीस, जसं थांबायला हवं तसं. मला भीती वाटली. दोन सेकंद झाले, तीन झाले. मला वाटलं आता दोघंही पडलो. मग तुझी ओळ मी घेतली. ‘सांग, मी ऐकते आहे’चं मी ‘सांगतो, ऐकून घे’ केलं आणि पुढे गेलो. वादक माझ्या मागून आला. तुझं तोंड उघडलेलं होतं आणि तुला पुढे शिरायला जागाच नव्हती. अख्खं कडवं तू नुसती उभी होतीस.

बाहेर जिन्यावर येईपर्यंत मला कळलं होतं. पण खाली बाई होत्या, आई होती, आणि माझ्या तोंडून निघालं, “ताई विसरली, मी सावरून घेतलं.” सगळ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. निकालात मला बहात्तर आणि तुला अनुत्तीर्ण. बाईंनी तुला कोरसमध्ये टाकलं. तू दोन महिने कोरसमध्ये उभी राहिलीस आणि मग ते औषधांच्या दुकानातलं काम घेऊन निघून गेलीस. आई अजून पाहुण्यांना सांगते, “धाकटा असून यानं तिला सांभाळलं.” मी तेव्हा पाणी आणायला आत जातो.

हे मी आता का लिहितो ते तुला कळेलच. मला गरज आहे म्हणून लिहितो. चांगुलपणा आला म्हणून नाही. चार दिवसांवर परीक्षा आहे, ती शांतता मला येत नाही आणि ती येणारं माझ्या ओळखीचं माणूस एकच आहे.

म्हणून विचारतो. त्या वेळी तू थांबली होतीस तेव्हा तू काय करत होतीस? काय मोजत होतीस, कुठे बघत होतीस, मनात काय होतं? मी ते पुरं होऊ दिलं नाही, त्यामुळे मला माहीत नाही.

जलद टपालानं टाकतो आहे, स्टेशनवरची कचेरी रविवारीही उघडी असते.

धाकटा


२६ एप्रिल, मंगळवार

ताई,

तुझं कार्ड आज दुपारी आलं, तूही जलद टपालानंच पाठवलंस. आई झोपली होती, मीच घेतलं.

‘मी काही मोजत नव्हते. तुझ्याकडे बघत होते. वही देणार नाही.’

तीन वाक्यं आहेत. मी रात्रीपर्यंत परत परत वाचली. वही नको, ताई. राहू दे.

पण तू माझ्याकडे बघत होतीस, तर मी कुणाकडे बघू? माझ्यासमोर कुणीच नसणार.


२८ एप्रिल, गुरुवार

ताई,

झाली. पायऱ्यांवर बसूनच लिहितो आहे, घरी गेलो तर सगळं नीट करून लिहीन म्हणून.

खोली म्हणजे शाळेचा चित्रकलेचा वर्ग होता. बाकं एका बाजूला सरकवलेली, फरशीवर जुन्या रंगांचे डाग. परीक्षक बाई वयस्कर, सर्दी झालेली, टेबलावर पाण्याचा पेला आणि रुमाल. त्या म्हणाल्या, “तयार असाल तेव्हा सुरू करा.” मी तयार नव्हतो. सुरू केलं.

पहिलं गाणं नेहमीसारखंच घाईत गेलं. मग दाराचं आलं. ‘दार कुणी उघडलं?’ म्हणालो. काकांनी साथ थांबवली.

मी समोर बघितलं. तू जिथे बघत होतीस तिथे, म्हणजे जोडीत मी उभा होतो तिथे. आणि मला मी दिसलो. वीस वर्षांचा, मानेवर घाम, ओठ आधीच हलायला लागलेले. त्याला काही तरी माहीत होतं आणि तो ते बोलणार नव्हता, हे मला दिसत होतं. मी त्याची वाट बघत राहिलो. मला वाटत होतं की तो बोलेल. मोजलं नाही. घाम आला होता की नाही तेही आठवत नाही. परीक्षक बाईंनी लिहिणं थांबवून मान वर केली, एवढं कळलं. तरीही मी काकांकडे बघितलं नाही. मग केव्हा तरी मान हलली.

काका बाहेर आल्यावर म्हणाले की पाऊण मिनिट तरी असेल. “मला वाटलं तुला चक्कर येतेय. मी सूर देणारच होतो, पण तुझं तोंड बघून हात उचलला नाही.”

तिथून पुढचं गाणं, संवाद, चालणं, सगळंच मग दुप्पट संथ झालं, घाई करायला गेलो तरी होईना. शेवटच्या गाण्याच्या पहिल्या कडव्यानंतर परीक्षक बाईंनी हात वर केला. “धन्यवाद. वेळ संपली.” इतके दिवस मला दहा मिनिटं भरत नव्हती आणि आज बारा पुरली नाहीत.

मग प्रश्न विचारतात, तुला माहीत आहे. त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, “मघाशी त्या दाराच्या गाण्यात तुम्ही थांबलात. ओळ विसरलात का?”

मी म्हणालो, “नाही.”

“मग?”

“थांबलो होतो.”

त्यांनी ते लिहून घेतलं. एवढंच. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

ताई, रविवारच्या पत्रात मी लिहिलं की मला जिन्यावर कळलं. ते खोटं आहे. तीन वर्षांपूर्वी तेव्हाच्या परीक्षकांनीही हेच विचारलं होतं. चष्मा कपाळावर सरकवून ते गृहस्थ तुझ्याकडे वळले, माझ्याकडे नाही, आणि म्हणाले, “तुम्ही विसरलात का?” तू उत्तर द्यायला श्वास घेतलास. आणि मी म्हणालो, “हो, विसरली ती.” मला तेव्हाच माहीत होतं. तू माझ्याकडे बघितलंस. मग त्यांनी लिहून घेतलं.

गाण्यातली ओळ मी घाबरून घेतली. ते उत्तर घाबरून घेतलं नाही. तुला काढलं तर मी उरतो, हे मला तेवढ्यात दिसलं होतं. एवढ्या वेळात माणसाला एवढं दिसतं.

बस चुकेल म्हणून काका खालून हाका मारताहेत.


२२ मे, रविवार

ताई,

निकाल काल लागला. छप्पन्न. दाराच्या गाण्याला पंचवीसपैकी बावीस दिले आहेत, पण शेवटचं गाणं अर्धंच धरलं. नाटक कंपनीत जाऊन विचारलं. खिडकीतल्या माणसानं कागद उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, “साठ कुठे आहेत?” मी कागद परत घेतला.

लाँड्रीत मालकांनी पुन्हा ठेवून घेतलं आहे, पण शर्टांवर नाही, चादरींवर. मामा म्हणाले, “चादरीला कॉलर नसते, तू आपला सावकाश गा.” मी सध्या गात नाही. सकाळी उठल्यावर काही क्षण मला वाटतं की परीक्षा अजून व्हायची आहे. मग आठवतं. ते क्षण रोज येतात, त्यांचं काय करायचं ते कळत नाही.

बाईंना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ पियानोचं झाकण पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी तिला कोरसमध्ये घातलं रे.” मला उद्याची वेळ सांगितली नाही. उद्यापासून येऊ नकोस असंही नाही.

परीक्षा मंडळाच्या कचेरीतही जाऊन लिहून दिलं. तिथल्या बाई म्हणाल्या की जुना निकाल दुसऱ्याच्या सांगण्यावरून उघडत नाहीत, जिचा आहे तिनं अर्ज करायला हवा. मी कोरा अर्ज मागायला हात पुढे केला होता, तो मागे घेतला. तुला हवा असेल तर तू माग.

आज सकाळी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी बोलत असताना ती निवडतच राहिली, आणि संपल्यावर तिनं विचारलं, “मग तीन वर्षं मी लोकांना काय सांगत फिरले?”

मी म्हणालो, “मी सांगितलं ते.”

“आणि ती दर रविवारी फोनवर माझं ऐकून घ्यायची? तुझं कौतुक?”

“हो.”

“एकदाही म्हणाली नाही, आई, असं नव्हतं झालं.”

मी म्हणणार होतो की ताई तशीच आहे, मनात ठेवणारी. म्हणालो नाही. तू का बोलली नाहीस ते मला माहीत नाही.

आईनं ताट बाजूला सारलं. हात पदराला पुसले. नंतर म्हणाली, “आज तिचा फोन आला तर मला उचलता येणार नाही. कागद दे.” मी म्हणालो, तू सांग, मी लिहितो, तुझं अक्षर लागत नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पेन तिच्यासमोर ठेवलं.

म्हणून माझं इथेच संपवतो. खालचा अर्धा कागद आईचा आहे. तिचे ऱ्हस्व-दीर्घ नेहमी चुकतात आणि नेहमी मी दुरुस्त करून मगच पाकीट चिकटवतो. आज ती लिहील, तीच चिकटवेल. मी जिन्यावर जाऊन बसतो.